तोंड आणि माइक यांच्यामधलं अंतर

पूर्वी सुट्टीत भारतात जायचं म्हटलं की नातेवाइकांची यादी ठरलेली असे. चॉकलेटं, सेंट, फार तर एखादा कॅमेरा. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी वस्तू घुसली आहे, ती म्हणजे माइक. "जर्मनीत आहेस ना, मग तिकडचा एखादा चांगला माइक घेऊन ये, घरीच गाणी रेकॉर्ड करायचीत" असं सांगणारे माझ्या ओळखीत आता निदान पाच-सहा जण आहेत. एक जण सुगम संगीत शिकतो, एकीला मुलाचे श्लोक मुद्रित करायचेत, आणि सांगलीच्या एका मित्राला त्याच्या आईच्या ओव्या नि भूपाळ्या जपून ठेवायच्या आहेत. काकूंना आता अठ्ठ्याहत्तरावं वर्ष चालू आहे. मित्राची माइकची निवड अजून संपलेली नाही. दर दोन महिन्यांनी तो मला आणखी दोन मॉडेलांची तुलना करून पाठवतो, सोबत वारंवारितेचे आलेख वगैरे.

या सगळ्यांना मी उलट एकच प्रश्न विचारतो : गाणारा माणूस माइकपासून किती लांब असणार, आणि कुठल्या खोलीत? लोकांना वाटतं मी आणायचं टाळतोय. (थोडं टाळतोही. वजनाची मर्यादा तेवीस किलोची असते.) पण खरं सांगायचं तर माइकचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि योगायोग असा, की त्यातला बराचसा मी राहतो त्या वाल्डॉर्फपासून तास-दीड तासाच्या टापूत घडलेला आहे.

वाल्डॉर्फ म्हणजे आज सॅपचं गाव. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली काढलेली ही कंपनी १९७७ पासून इथं आहे, आणि तिच्यामुळे इथल्या सुपरमार्केटात शनिवारी सकाळी मराठी कानावर पडलं तर कुणी वळून बघत नाही. त्याआधी हे गाव एकाच माणसासाठी माहीत होतं. योहान याकोब अ‍ॅस्टर, जन्म १७६३, इथल्या एका खाटकाचा मुलगा. तो लंडनला वाद्यांच्या धंद्यातल्या भावाकडे गेला आणि तिथून अमेरिकेला निघाला तेव्हा त्याच्या सामानात विकायला बासऱ्या होत्या. पुढे तो फरच्या व्यापारात आणि न्यूयॉर्कच्या जमिनींत गब्बर झाला. तिथल्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या नावातलं वॉल्डॉर्फ ते हेच. बासऱ्यांचं पुढं काय झालं कोण जाणे. पण गावाचा आणि संगीताचा संबंध एवढ्यावर संपत नाही, फक्त त्यासाठी गावाबाहेर पडावं लागतं.

उत्तरेला चौदा-पंधरा किलोमीटरवर हायडेलबर्ग. तिथल्या विद्यापीठात १८५८ ते १८७१ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक होता. बुन्सेन आणि किर्शहोफ हेही त्याच काळात तिथं होते, म्हणजे तेव्हा त्या गावात नुसतं चहाला जायचं म्हटलं तरी माणसाला अभ्यास करून जावं लागत असेल. १८६३ साली हेल्महोल्ट्झचा स्वरसंवेदनांवरचा ग्रंथ आला. एखादा स्वर 'सा' असला तरी तो सनईचा की सतारीचा हे आपल्याला कसं कळतं, आणि एकाच पट्टीत म्हटलेले 'आ' आणि 'ई' वेगळे का वाटतात, याचं उत्तर त्यात होतं. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटी-तिपटीचे बारीक स्वर वाजत असतात, आणि त्यांपैकी कोणते ठळक यावर सगळं अवलंबून. हे शोधायला त्याच्याकडे ना माइक ना संगणक. त्यानं पोकळ गोळे वापरले : एका बाजूला भोक, दुसरी बाजू कानात बसेल अशी निमुळती. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एकाच स्वरात घुमते, तसा प्रत्येक गोळा एकाच स्वराला दाद देतो. वेगवेगळ्या मापांचे गोळे एकामागून एक कानाला लावायचे आणि कोणता घुमतो ते बघायचं. हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण खोलीचीही एक बाटलीच असते. त्यावर पुढे येतोच.

या ग्रंथाची एक गंमत. अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या हातात तो पडला तेव्हा त्याला जर्मन येत नव्हतं. त्यातल्या विजेवर चालणाऱ्या स्वरकाट्यांच्या आकृत्या पाहून त्याचा समज झाला की हेल्महोल्ट्झनं तारेतून स्वर पाठवून दाखवले आहेत. तसं काही नव्हतं. पण 'स्वर जातात तर शब्दही जातील' म्हणून बेल कामाला लागला. आपल्याकडे भाषा न आल्यामुळं झालेल्या नुकसानीच्या कथा पुष्कळ आहेत, फायद्याची ही एवढीच मला ठाऊक आहे.

तारेतून आवाज पाठवायचा तर आधी त्याची वीज करावी लागते, आणि ते काम माइकचं. फिलिप राइस नावाच्या शाळामास्तरानं २६ ऑक्टोबर १८६१ रोजी फ्रँकफुर्टात तसं एक यंत्र दाखवलं होतं. ताणलेला पडदा थरथरला की विजेचा सांधा जुळायचा नि तुटायचा. गाण्याची चाल बरी जायची, शब्द मात्र अडखळायचे. ऐकणाऱ्याला अंदाजानं वाक्य पुरं करता येऊ नये म्हणून त्यानं 'घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही' असं काहीतरी म्हणून पाहिलं अशी गोष्ट इथं सांगतात. सांधा पूर्ण न तोडता तो कमी-जास्त दाबायचा, म्हणजे वीज आवाजाच्या चढउताराप्रमाणे कमी-जास्त होते, हे १८७७ साली जमवलं ते हानोव्हरहून अमेरिकेला गेलेल्या एमिल बर्लिनरनं. (एडिसन आणि ह्यूजही त्याच सुमारास त्याच वाटेवर होते आणि कज्जेही भरपूर झाले.) त्याच बर्लिनरनं १८८७ साली सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला, आणि इथून आपला संबंध सुरू होतो.

कारण गंमत अशी, की माइक आधी सापडला पण गाणी मुद्रित करायला तो पुढं पन्नास वर्षं वापरता आला नाही. टेलिफोनला पुरेल इतकाच तो बरा होता. ग्रामोफोनच्या तबकडीवर खाच पाडायची ती गायकाच्या आवाजाच्या ताकदीनंच. समोर मोठा कर्णा, त्याच्या अरुंद टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुईखाली मेण. मध्ये वीज नाही, म्हणजे आवाज वाढवायची सोयच नाही. गायकानं तोंड जवळजवळ कर्ण्यात घालून मोठ्यानं गायचं आणि तार सप्तकात गेल्यावर मागं व्हायचं, नाहीतर सुई उडायची. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं घेतलं ते असं. मेणाच्या मूळ तबकड्या बोटीनं हानोव्हरला जायच्या, तिथल्या बर्लिनर कुटुंबाच्या कारखान्यात छापल्या जायच्या आणि बोटीनंच परत यायच्या. गाणं संपताना 'माय नेम इज गौहर जान' असं जे ऐकू येतं ते मिरवण्यासाठी नाही. हानोव्हरच्या कारागिराला कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ते होतं. १९०८ साली कलकत्त्यालाच कारखाना निघाला तेव्हा ही वारी थांबली. बर्लिनच्या बेका आणि ओडियन या कंपन्याही त्या काळात हिंदुस्थानात येऊन गाणी घेऊन जात होत्या.

त्या तबकड्या ऐकताना आपण म्हणतो, काय खणखणीत गायचे जुने लोक! गायचेच. पण ज्यांचा आवाज खणखणीत नव्हता ते कर्ण्यात शिरलेच नाहीत, हे आपण विसरतो. खालच्या खर्जातलं, कुजबुजतं, दमानं लावलेलं कर्णा पुसून टाकायचा. त्या काळच्या गाण्याबद्दलची आपली बरीचशी कल्पना एका लोखंडी भोंग्यानं गाळून दिलेली आहे.

१९२५ साली हे पालटलं. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या मंडळींनी माइक, अ‍ॅम्प्लिफायर आणि विजेवर चालणारी खाच पाडायची सुई अशी साखळी जुळवली. त्यातला माइक कंडेन्सर जातीचा होता, ई. सी. वेंटेनं १९१६-१७ च्या सुमारास केलेला. तत्त्व सोपं आहे. धातूची एक जाड चकती आणि तिच्यासमोर केसाच्या अंतरावर एक ताणलेला अतिपातळ पडदा, दोघांत विजेचा भार. पडदा हलला की अंतर बदलतं, अंतर बदललं की व्होल्टेज बदलतं. पडद्याला वजन जवळजवळ नाहीच, म्हणून तो 'स' आणि 'श' मधली शिट्टीसुद्धा निमूटपणे पाळतो. दुसरी मोठी जात डायनॅमिक : पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं, ते लोहचुंबकाच्या फटीत हलतं आणि वीज निघते. लाउडस्पीकर उलटा चालवावा तसं. वेटोळ्याचं वजन असल्यामुळं हा पडदा जरा आळशी, पण पडला-आपटला तरी जगतो. सभेतल्या वक्त्याच्या हातात दिसतो तो बहुधा हाच.

कंडेन्सर माइक कारखान्यात गठ्ठ्यानं करून विकायचं काम पहिल्यांदा केलं ते बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमाननं. १९२८ साली त्यानं कंपनी काढली आणि सीएमव्ही ३ नावाचा माइक विकायला सुरुवात केली. उंची चाळीस सेंटिमीटर, वजन तीन किलोच्या आसपास. लोक त्याला 'नॉयमानची बाटली' म्हणत.

आता गायकाला ओरडायची गरज उरली नव्हती. माझ्या मते मराठीतलं भावगीत हे या बदलाचं अपत्य आहे. नाटकातल्या पदाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं; नटाचा आवाज, सारंगी-ऑर्गनची साथ, ताना, सगळं त्या मोजमापाचं. भावगीताला फक्त पुढ्यातल्या माइकपर्यंत पोचायचं असतं. जी. एन. जोशींनी गायलेली ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची. ती लोकांना आवडली त्यात कवितेचा आणि चालीचा वाटा मोठा आहेच, पण जवळ बसून कुणी सांगावं तसा आवाज घराघरात वाजू शकतो हे नवीनच होतं. हेच जोशी पुढं एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि भल्याभल्या गवयांना माइकसमोर बसवायचं काम त्यांनी केलं. 'स्वरगंगेच्या तीरी' या त्यांच्या पुस्तकात त्या हकिगती आहेत. ज्यांना फरक कानानं तपासायचा असेल त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेब ऐकावेत. त्यांची १९०५ च्या आसपासची कर्ण्यातली मुद्रणं आहेत आणि १९३० च्या दशकातली ओडियनची माइकवरची. मध्ये तीस वर्षं गेली, आवाज वयानंही बदलला असणार, म्हणजे हा काही नेटका प्रयोग नव्हे. तरी पण नंतरच्या मुद्रणांत स्वर हळूच सोडून दिल्यावर जो बारीक धागा मागं उरतो, तो पहिल्यांत उरणं शक्यच नव्हतं.

मात्र एक अडचण राहिली होती. सुरुवातीचे कंडेन्सर माइक सगळीकडून सारखंच ऐकत. समोरचा गायक, मागचा तबला, भिंतीवरून परत आलेला प्रतिध्वनी, सगळं एकाच मापानं. यावरचा उपाय निघाला १९३० च्या दशकात बर्लिनच्या सरकारी रेडिओत. हान्स योआखिम फॉन ब्राउनम्यूल आणि वाल्टर वेबर या दोन इंजिनियरांनी चकतीच्या दोन्ही बाजूंना पडदे लावून, चकतीत भोकं पाडून असा माइक केला की तो पुढचं ऐकतो आणि पाठीमागचं जवळजवळ ऐकतच नाही. त्याच्या ऐकण्याचा नकाशा काढला तर बदामासारखा दिसतो. आज घरी वापरायला म्हणून जे माइक विकले जातात त्यांतले बहुतेक या बदामाचेच वंशज.

याच जोडगोळीनं आणखी एक काम केलं, पण त्यासाठी वाल्डॉर्फच्या जवळ परत यायला हवं. ऱ्हाइनच्या पलीकडे, इथून तीसेक किलोमीटरवर लुडविग्सहाफेन आहे. बीएएसएफचा अवाढव्य रासायनिक कारखाना, रात्री आगगाडीतून पाहिला तर दिव्यांचं जंगल वाटतं. ड्रेस्डेनच्या फ्रिट्झ फ्लॉयमरनं १९२८ साली कागदी पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवून त्यावर आवाज धरायचं पेटंट घेतलं. यंत्र करायचं काम बर्लिनच्या एईजीनं उचललं आणि फीत करायचं या कारखान्यानं. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी कारखान्याच्याच सभागृहात थॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची मैफल झाली आणि ती चुंबकीय फितीवर घेतली गेली. वाद्यवृंदाच्या मैफलीचं फितीवरचं हे पहिलं मुद्रण मानतात. त्यातला काही भाग टिकला आहे. आवाज गढूळ आहे, खरखर भरपूर. ही खरखर गेली १९४० साली, आणि घालवली त्याच वेबरनं. अ‍ॅम्प्लिफायर बिघडून कानाला न ऐकू येणाऱ्या उंच सुरात आपोआप घुमायला लागला होता, आणि त्या बिघाडाच्या वेळचं मुद्रण चमत्कारिक स्वच्छ निघालं. इतरांनी बिघाड दुरुस्त करून सोडून दिलं असतं. त्यानं कारण शोधलं आणि तो उंच सूर मुद्दाम मिसळायची रीतच बसवली.

ही सगळी वर्षं कुठली आहेत हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. सरकारी रेडिओ गोबेल्सच्या खात्याखाली होता. बीएएसएफ तेव्हा ज्या आय. जी. फार्बेन समूहाचा भाग होती, त्यानं पुढं आउश्वित्झला छळछावणीतल्या कैद्यांना राबवून कारखाना उभारला. हळू आवाजातलं गाणं टिपणारा माइक आणि दूरवरची आरोळी करोडो घरांत पोचवणारा माइक एकच होता, आणि संशोधनाला पैसा मिळत होता तो दुसऱ्या कामासाठी. इथल्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात असं वळण न येणारी वाट मला अजून सापडलेली नाही. कौतुक करावं, पण डोळे उघडे ठेवून.

१९४५ साली जॅक मलिन नावाच्या अमेरिकी सैनिकी इंजिनियराला फ्रँकफुर्टच्या उत्तरेला बाड नाउहाइमच्या रेडिओ केंद्रात ही यंत्रं सापडली. युद्धात तो मध्यरात्री जर्मन रेडिओवर वाद्यवृंद ऐकत असे आणि त्याला प्रश्न पडे की हे लोक रात्री दोन वाजता खरोखर बसून वाजवतात की काय. तबकडीची कुरकुर तर येत नाही! त्यानं दोन यंत्रं सुटी करून, फितींसकट, टपालानं घरी पाठवली. ती ऐकून बिंग क्रॉस्बी वेडावला. हा क्रॉस्बी माइकजवळ हळू गाण्याचा अमेरिकेतला मोठा उस्ताद, आणि दर आठवड्याला रेडिओवर प्रत्यक्ष हजर राहायचा त्याला कंटाळा. त्यानं अँपेक्स या छोट्या कंपनीत पन्नास हजार डॉलर घातले, आणि तयार झालेलं एक यंत्र आपल्या दोस्ताला, गिटारवादक लेस पॉलला भेट दिलं.

आणि इथं आपला विषय घरात शिरतो. लेस पॉल आणि त्याची बायको मेरी फोर्ड घरीच गाणी मुद्रित करायचे. तीच गाते, त्यावर तीच दुसरा सूर धरते, त्यावर तिसरा. १९५१ साली 'हाउ हाय द मून' हे त्यांचं घरी केलेलं गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. स्टुडिओत तोपर्यंत गायक माइकपासून चांगला हातभर लांब उभा राहायचा. मेरी फोर्ड माइकच्या अगदी तोंडाशी गायची. का, तर घर हे काही स्टुडिओ नव्हतं. लांब उभं राहिलं की खोली ऐकू यायची.

मधल्या काळातले दोन मुक्काम पटकन सांगून टाकतो, कारण दोन्ही या टापूतले. दक्षिणेला हाइलब्रॉन. बर्लिनच्या ऑयगेन बायरची कंपनी, बायरडायनॅमिक, युद्धानंतर तिथं आली. डायनॅमिक माइक आणि हेडफोन हे तिचं घराणं. आणि उत्तरेला साठ-सत्तर किलोमीटरवर डार्मश्टाट. गेरहार्ड झेस्लरनं १९६२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्टबरोबर असा कंडेन्सर माइक केला की पडद्यात विजेचा भार कायमचा गोठवलेला, बाहेरून द्यायलाच नको. स्वस्त, चिमुकला. टेपरेकॉर्डरच्या कोपऱ्यात भोकामागं असायचा तो हाच. १९७५ पासून झेस्लर डार्मश्टाटला प्राध्यापक झाला आणि १९८० च्या दशकात त्याच्याच गटानं सिलिकॉनच्या चिपवर माइक कोरून दाखवला. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच कल्पनेची भावंडं बसलेली आहेत. नॉयमानची ती तीन किलोंची बाटली आठवून बघा.

तर आता कोणता माइक? आधी थोडं गणित. गायकाचा सरळ येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलनं उतरतो. भिंतींवरून फिरून येणारा आवाज मात्र खोलीभर साधारण सारखाच असतो. म्हणजे माइक लांब नेला की गायक कमी होतो, खोली तेवढीच राहते. साडेतीन बाय चारची, अडीच मीटर उंचीची खोली धरा, आवाज विरायला अर्धा सेकंद लागतो असं धरा. सगळीकडून ऐकणाऱ्या माइकला सुमारे अर्ध्या मीटरवर गायक आणि खोली सारखेच ऐकू येतात. बदामी माइकला हे अंतर पाऊण मीटरपर्यंत वाढतं, बस्स. त्याच्या निम्म्याच्याही आत गायलं पाहिजे. पंधरा सेंटिमीटरवरून साठवर गेलात तर बारा डेसिबल गेले, आणि ते कुठलंही मॉडेल परत आणून देत नाही.

'कंडेन्सर घरात घेऊ नकोस, तो खोली ओढतो. डायनॅमिक घे' असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला बरा, कारण चुकीचं. सारखाच बदाम असलेले दोन माइक सारख्याच अंतरावर ठेवले तर खोली दोघांनाही जवळपास सारखीच ऐकू येते. डायनॅमिक माइक लोक ओठांना लावून वापरतात, कंडेन्सर दिमाखात फूटभर लांब टांगतात, खरा फरक तिथं पडतो. हजार-दोन हजार युरोंच्या माइकनं मोकळ्या भिंतींच्या खोलीत घेतलेलं गाणं मोकळ्या भिंतींचंच गाणं निघतं; फक्त त्या भिंती फार तपशिलात ऐकू येतात.

जवळ गाण्याचे दोन त्रास आहेत. बदामी माइकच्या फार जवळ गेलं की खालचे स्वर फुगतात. पुरुषाच्या भावगीताला ते शोभतं, रेडिओच्या निवेदकांचा भारदस्तपणा पुष्कळदा एवढाच असतो. पण बाईमाणसाच्या साध्या, पातळ आवाजाला त्यानं उगाच ढेकूळ येतं. तिथं वीसेक सेंटिमीटर राखावेत. दुसरा त्रास आपल्या भाषेचा खास आहे. आपल्याकडे नुसता 'प' नाही. ख, घ, ठ, थ, ध, फ, भ अशी श्वासाचा झोत सोडणारी अक्षरांची फौज आहे. 'भ' आणि 'फ' थेट पडद्यावर गेले की धप्प असा आवाज बसतो आणि तो नंतर काढता येत नाही. म्हणून माइक तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला, नाकाच्या उंचीवर ठेवून ओठांकडे वळवावा आणि मध्ये तारेच्या कड्यावर ताणलेलं पातळ कापड असावं. उलट माइक फार लांब किंवा फार बोथट असेल तर 'ल' आणि 'ळ' एकमेकांत मिसळायला लागतात, कारण त्यांच्यातला फरक ज्या दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो तोच खोलीच्या प्रतिध्वनीत पहिल्यांदा राड होतो. ज्ञानेश्वरीचं पारायण मुद्रित करणाऱ्यांनी हे तपासून बघावं.

राहिली खोली, म्हणजे हेल्महोल्ट्झची बाटली. छोटी, चौकोनी, रिकामी खोली दोन-चार खालच्या सुरांना घुमते. गायक त्यांतल्या एकावर आला की तो स्वर एकदम मोठा होतो. कोपरे आणि खोलीचा मध्य टाळावा. इथल्या सदनिकांत काँक्रीटच्या भिंती नि लाकडी फरशी असते, म्हणून लोक कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे पाठ करून गातात. सांगलीत त्याहून उत्तम वस्तू घरात आहे, ती म्हणजे गोधडी. दोन-तीन जाड गोधड्या गायकाच्या पाठीमागं आणि बाजूंना दोरीवर टाकल्या की बदाम ज्या बाजूनं ऐकतो तिथली भिंत नाहीशी होते. हार्मोनियम किंवा तानपुऱ्याची पेटी बरोबर हवीच असेल तर ती माइकच्या पाठीमागं ठेवावी. तिथं तो बहिरा आहे.

आणि वेळ. वाल्डॉर्फला ए५ आणि ए६ असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यांची घरघर रात्रंदिवस जमिनीतून येते. ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं की ती बरीच जाते आणि आवाजाचं काही बिघडत नाही. हॉकेनहाइमची शर्यतींची धाव इथून जवळ, तिच्यावर मात्र इलाज नाही. रविवारी गवत कापायची यंत्रं चालवायला बंदी असते, तेव्हा घंटांच्या मधल्या वेळात काम उरकावं. सांगलीत पंखा आणि फ्रिज बंद करून दुपारी दोन ते चार, भंगारवाला येऊन गेल्यावर.

यातल्या कशालाही मित्राच्या यादीतला माइक लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याजवळच्या गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर गेले आणि शंभराहून अधिक तासांचं मुद्रण झालं, तेही बायकांच्या घरांत, गावागावांत. २०१७ पासून 'परी'नं त्या ओव्या प्रसिद्ध करायला घेतल्या. त्या मुद्रणांत काही ठिकाणी जात्याची घरघर आहे, पोरांचा गलका आहे, मध्येच कुणी हसतं. तिथं माइक थोडा लांब ठेवला हेच बरोबर होतं, कारण ओवी एकटीची नसते; दुसरी बाई दुसऱ्या बाजूनं जातं ओढत ती उचलते. काकूंच्या भूपाळ्या जवळून घ्याव्यात. ओव्या घेताना शेजारच्या कुणाला तरी सोबत बसवावं आणि माइक दोघींच्या मध्ये, हातभर लांब. मोबाइलचा चालेल. शंभरेक युरोंचा साधा डायनॅमिक असेल तर तोही चालेल, पण मग दोघींनी एकमेकींना चिकटून बसायला हवं.

मुद्रण दाबून लहान केलेल्या फाइलीत ठेवू नये, वेव्ह फाइलच ठेवावी, अठ्ठेचाळीस हजार नमुने आणि चोवीस बिट. भूपाळीमागं पाच-सहा मिनिटं, म्हणजे जागा शंभर मेगाबाइटसुद्धा लागत नाही. पातळी अशी लावावी की सर्वांत मोठ्या आवाजालाही दहा-बारा डेसिबल वर शिल्लक राहतील. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. फाइलीच्या नावात तारीख, गाव आणि गाणारीचं नाव असावं, आणि गाणं संपल्यावर काकूंनी ते स्वतःच्या तोंडानंही सांगावं. फाइलींची नावं बदलतात, हार्ड डिस्क बदलतात, लुडविग्सहाफेनच्या कारखान्यानंसुद्धा १९९७ साली आपला फितींचा धंदा विकून टाकला.